मायच्या कानातली हाक

मोठमाय गेली त्या हिवाळ्यात आमच्या घराला आवाजच उरला नाही. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांची आई. तिचा आवाज असा होता की भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याला इथून भाव कळवला जायचा, आणि तो बिचारा तोच भाव धरून पुढं यायचा. ती गेल्यावर शेजारणीसुद्धा म्हणायच्या की दुपारी झोप लागत नाही, फार शांत वाटतं. आम्ही जळगावात दोन खोल्यांत राहायचो. वडील, म्हणजे आबा, डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी कॉलेजात विज्ञान शाखेला होते, त्यामुळे भुताखेतांबद्दल माझं मत अगदी पक्कं होतं. पदार्थविज्ञानाबद्दल तेवढं पक्कं नव्हतं.

मायचं, म्हणजे माझ्या आईचं, काहीतरी बिनसलंय हे मला एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी कळलं. ती भाकरी थापत होती. मध्येच हात थांबला. चेहरा असा झाला की कोणीतरी अगदी जवळचं माणूस बोलायला लागलंय. मग ती उठली आणि पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मागच्या दारात काही नव्हतं. एक नळ, धुण्याचा दगड आणि ऊन. तव्यावरच्या भाकरीचा धूर झाला तरी ती हलली नाही. मी ओरडले तेव्हा परत आली, आणि मीच कोणी परकी घरात शिरले असावे तशी माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?"

"काही नही," ती म्हणाली. "वारा."

झाडाचं पान हलत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही, कारण मला कोणाचं चुकलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिनं दुसरी भाकरी घेतली.

मग मी लक्ष ठेवू लागले. कॉलेज बुडवून दुपारची घरी थांबायचे. हे नेहमी दुपारीच व्हायचं, पुरुषमाणसं बाहेर आणि पोरंसोरं शाळेत असताना. तिच्या चेहऱ्यावर भीती कधीच नसायची, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. घाबरलेल्या माणसाला धीर देता येतो. जे माणूस आनंदानं ऐकतंय त्याला काय द्यायचं?

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. म्हातारीचा जीव सुनेत अडकला, असं ठरलं. एरंडोलकडचा एक भगत आला. त्यानं लिंबू कापलं, नारळ ओवाळला, माझ्या हातचा चहा दोनदा प्याला, आणि म्हातारी त्या पाटावर बसलीय असं सांगून गेला. त्या पाटावर तेव्हा मी बसले होते. आबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्यांनी दाराला लिंबू बांधलं. विश्वास नसला म्हणून लिंबू बांधायला काय जातं, अशी आमच्याकडची रीत.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि यातली गंमत संपली. एका दुपारी मी घरी आले तर दार सताड उघडं, चूल पेटलेली, मायच्या चपला उंबऱ्याशी, आणि माय नाही. आबांना मिलमधून बोलावून आणलं, गल्ली पालथी घातली. संध्याकाळी एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला आणून सोडलं. धरणगावच्या रस्त्याला, शहराच्या पार बाहेर, ती कडुनिंबाखाली पडलेली त्याला दिसली होती. डांबरानं तळपाय पोळून सोलले होते. ओठ फुटले होते. आमचं जुनं गाव त्याच रस्त्यानं आत आहे, आणि तिथं आमचं आता कोणी नाही.

"कोठे निंघनी व्हती तू?" आबांनी विचारलं.

"मले हाक मारी," ती म्हणाली. एवढंच. जणू एवढं सांगितल्यावर कोणी पुढं काही विचारणारच नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं की अजून थोडा वेळ उन्हात राहिली असती तर हाती लागली नसती. त्या दिवसापासून आम्ही दुपारी बाहेरून कडी लावायला लागलो. माझ्या आईला मी कोंडून ठेवत होते. कॉलेजात दिवसभर कशातच जीव लागायचा नाही.

आबांची थोरली बहीण, आमची फुई, धुळ्याला दिलेली होती. कळताच ती आली. आल्या आल्या रडली नाही, चिडली. "मी तिना पोटनी आंडेर. मले बलावत नही, अन् सूनले बलावस?" आंडेर म्हणजे मुलगी. मेल्यावरसुद्धा आईनं पक्षपात केला, हे फुईला सहन होत नव्हतं. पण रागाच्या भरातही तिनंच वाट काढली. तिच्या घरामागच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर होते. मोठ्या शहरात मेंदूच्या दवाखान्यात नोकरी करून ते गावी परतले होते. लोक त्यांना बॅटरीवाला डॉक्टर म्हणायचे. फुईचं अर्धं डोकं दुखायचं, ते त्यांनी बॅटरीनं थांबवलं होतं, असं तिचं म्हणणं.

आबांनी 'डोक्याला करंट' एवढंच ऐकलं आणि नाही म्हणून टाकलं. शॉक म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे कोणालाच नीट माहीत नव्हतं. दातात लाकूड, हातपाय धरलेले, आणि घरी परत येणारं माणूस गाईसारखं गरीब. पण मायचे तळपाय अजून भरले नव्हते. फुई मायला आणि मला घेऊन एसटीनं धुळ्याला निघाली तेव्हा आबा स्टँडवर नुसते उभे होते.

डॉक्टर उंच, वाकलेले, धोतर नेसणारे. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या आणि टेबलावर पत्र्याचा डबा. त्यांनी मायला खुर्चीवर बसवलं आणि सरळ विचारलं, "आवाज काय म्हणतो?"

इतके दिवस हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. कोणाचा, केव्हा, कुठून, सगळं विचारलं होतं.

"काही नही म्हनत," माय म्हणाली. "मनं नाव लेस."

मी मध्येच तिचं नाव सांगितलं, डॉक्टरांना सोपं जावं म्हणून. मायनं माझ्याकडं पाहिलं. "ते नही. ते सासरनं. मनं नाव." आणि तिनं एक नाव उच्चारलं, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. छोटं, गोड, गावाकडचं नाव. ते मी कुठं लिहीत नाही, इथंही लिहिणार नाही.

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा दुधाचे दात पडायचे बाकी होते. मांडवातच नाव बदललं. नव्या नावानं कोणी बोलावलं की तिला कळायचंच नाही आपल्याला बोलावताहेत. मग मार बसायचा. दुपारी सगळे शेतात गेले की ती चुलीमागं बसून रडायची. तेव्हा सासूनं एकदा तिला माहेरच्या नावानं हाक मारली, अगदी हळू. गल्लीला भाव कळवणारी ती बाई एवढ्या हळू बोलू शकते, यावर माझा विश्वास बसेना. तेव्हापासून दोघींचं हे गुपित झालं. चारचौघांत सासू तिला सगळं काही म्हणायची, शिव्याही द्यायची, भांडणं तर रोजची. पण दुपारी, घरात कोणी नसलं की, एकदा तरी तिचं नाव घ्यायची. माहेरची सगळी माणसं गेली, तिथलं घरही गेलं. आबा तिला "अवं" म्हणायचे, फारच गरज पडली तर "पोरनी माय." बाकी जगाला ती काकू, वहिनी, मामी. सासरचं नाव रेशन कार्डावर पडून होतं. आणि तिचं खरं नाव एका म्हातारीच्या तोंडात जिवंत होतं, ते मोठमायबरोबर जायला हवं होतं, पण गेलं नाही.

फुई हे ऐकत होती. तिचा राग तिथंच विरला. तिला दुसरं काहीतरी लागलं असावं, कारण ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

डॉक्टरांनी मान हलवली. "बाई, शेताच्या बांधावर पायवाट असते, ती कोण करतं?"

"कोनी नही. पायखाले व्हयी जास."

"डोक्यातही तसंच आहे. ऐकायची जागा वेगळी, आठवणीची वेगळी, 'मी' म्हणायची वेगळी. त्यांच्यात सारखी ये-जा चालू असते. रोज दुपारच्या हाकेनं तुमच्या डोक्यात या तिन्ही जागांमधली एकच वाट तुडवली, इतकी वर्षं. हाक मारणारी गेली, वाट राहिली. दुपार झाली की वाट आपली आपण चालायला लागते, आणि तुम्हाला हाक ऐकू येते. बाकीच्या वाटांवर गवत माजलंय." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "मी अगदी बारीक करंट सोडतो. झोपलेल्याला उठवायला कोणी डोक्यात धोंडा घालत नाही, खांद्याला हात लावतो, तेवढाच. वाट तुटत नाही. तिच्यावरची वर्दळ कमी होते, आणि बाकीच्या वाटा हळूहळू चालत्या होतात. असं मला वाटतं."

"वाटतं?" मी विचारलं. विज्ञान शाखा ना.

"हो. माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांना तसं वाटत नव्हतं. म्हणून तर मी इथं आहे."

मायनं वेगळंच विचारलं. "अन् वाटवर जी चालस, ती कोन शे?"

"ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी डबा उघडला.

आत रेडिओचे सेल होते. बाहेर एक काटा, एक फिरवायचं बटण. दोन वायरींच्या टोकांना पितळेच्या चपट्या पट्ट्या, त्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याचे बोळे गुंडाळलेले. आधी त्यांनी ते स्वतःच्या डोक्याला बांधून दाखवले, मग माझ्या. मला कातडीवर मुंग्या आल्या, डोळ्यांच्या कडेला उजेड लुकलुकला, आणि जिभेवर तांब्याच्या पैशाची चव आली. बस, एवढंच. मग मायच्या डोक्याला रबरी पट्टा बसला. एक बोळा डाव्या कानाच्या जरा वर, दुसरा कपाळावर. ती डोळे मिटून बसून राहिली. खारं पाणी गालावरून ओघळायचं आणि मला दर वेळी वाटायचं ती रडतेय.

करंट सोडण्याआधी त्यांचा एक खेळ असे. ते एक शब्द म्हणायचे, आणि मायनं मनात पहिलं जे येईल ते सांगायचं. कुठली वाट कुठं जाते, ते त्यावरून कळतं म्हणे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मीठ." माय म्हणाली, "सासू." "विहीर." "सासू." "चप्पल." "सासू." ते म्हणाले, "रेल्वे," आणि मी मनात म्हटलं आता तरी, पण माय म्हणाली, "सासू." मला हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. शेवटी त्यांनी मघाशी ऐकलेलं तिचं माहेरचं नाव म्हटलं. माय लगेच म्हणाली, "मी."

चैत्र संपेपर्यंत आम्ही फुईकडं राहिलो. धुळ्याचं ऊन जळगावच्या उन्हाचा सख्खा भाऊ. सकाळीच जाऊन यायचो. पहिले काही दिवस काही फरक नाही. मग माय एकदा जेवताना म्हणाली की आमटीत मीठ कमी आहे. सासू गेल्यापासून तिनं कशाची चव सांगितली नव्हती. मला आनंद झाला, फुईला राग आला. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना बऱ्या होणाऱ्या माणसाचा त्रासच फार होतो.

मग हाकेची जागा बदलायला लागली. आधी ती पाठीशी यायची. मग माय म्हणाली, रस्त्यापलीकडून येते. मग, लांबच्या ओसरीवरून. शब्दांच्या खेळात मीठ म्हटलं की कैरी यायला लागली. विहीर म्हटलं की "गार." चप्पल म्हटलं की ती स्वतःच्या तळपायांकडं बघायची. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "शाळा." माय कधी शाळेत गेलेली नाही. तिनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "मनी आंडेर." मी तिथंच रडले. किती महिन्यांनी तिच्या मनात मला जागा मिळाली होती.

त्याच आठवड्यात फुई आमच्याबरोबर आली, आणि मायचं झाल्यावर स्वतः खुर्चीत बसली. "आते मना डोकाले लावा. उलटं लावा. मले ऐकू येऊ द्या." डॉक्टरांनी समजावलं की असं होत नाही. नसलेली वाट बॅटरीनं करता येत नाही. फुई ऐकेना. तिनं ओले बोळे स्वतःच्या हातानं उचलून कानाशी धरले, डबा बंद असताना, आणि डोळे मिटून बसली. एवढी दांडगी बाई. तिच्या लुगड्यावर मिठाचं पाणी टपकत होतं. मायनं शेवटी तिच्या हातातून बोळे काढून घेतले आणि तिला पोटाशी धरलं. घरी येताना दोघी एकाच छत्रीतून आल्या.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माय दुपारी दचकून उठली. मी तिला तसं घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"अर्धंच येस," ती म्हणाली.

"काय अर्धं?"

"मनं नाव. पहिलं अक्षर येस, मंग काहीच नही." तिनं माझं मनगट धरलं. "बाकीनं कोठे जास?"

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात यायला तयार होईना. नाव पूर्ण जाईल, म्हणाली. मी आबांना निरोप पाठवला. ते आले ते एसटीच्या धुळीनं माखलेले. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं: इथं थांबलात तर वाट पुन्हा तुडवली जाईल, हाक पहिल्यासारखी येईल. पुढं गेलात तर हाक बहुधा जाईल. तिच्याबरोबर आणखी काय जाईल ते मला माहीत नाही. ठरवायचं बाईंनी.

फुईच्या पुढच्या खोलीत आबा बोलायला लागले. सगळं खरंच बोलत होते. तळपाय दाखवून बोलत होते. अख्खा उन्हाळा अजून बाकी आहे, पुन्हा निघून गेली तर कोण ट्रॅक्टरवाला दर वेळी भेटणार आहे? मायनं सगळं ऐकून घेतलं.

"मी जास," ती म्हणाली. "पन आधी तुम्ही मले एकदाव हाक मारा."

आबांना कळलं नाही असं नाही. लग्न झालं तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. ते नाव त्यांनी मांडवात ऐकलं होतं. त्यांनी घसा खाकरला. काट्यावर उभं राहून गाड्यांची वजनं ओरडून सांगणारा माणूस तो. ओठ हलले. बायकोला नावानं हाक मारणारा तो बायल्या, असं त्यांच्या पिढीचं मत, आणि ते मत त्यांच्या गळ्यात हाड अडकावं तसं अडकलं होतं. "अवं..." ते म्हणाले. मग पुन्हा, "अवं, पोरनी माय..." आणि खाली बघत बसले.

मला राहवेना. मीच ते नाव मोठ्यानं म्हटलं. मायनं नीट ऐकून घेतलं आणि कसंनुसं हसली. "हजेरी लेस का वं?"

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या फुईनं हाक मारली. आणि खोली गोठली. फुईचा आवाज आईचा होता, अगदी तोच, इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आबांनी झटकन वर पाहिलं. माय अर्धी उठलीसुद्धा. मग ती परत बसली.

"नही," ती म्हणाली. "ती हळू मारे."

थोड्या वेळानं मायनं पदर डोक्यावर घेतला. "चला, डॉक्टरकडे," ती म्हणाली, आणि आमच्या आधी रस्त्याला लागली.

हाक गेली. कोणत्या दिवशी, ते तिलाही सांगता आलं नाही. एक दुपार आली आणि नुसतीच दुपार होती. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा शब्द विचारले. मीठ, विहीर, रेल्वे. मायची उत्तरं पटापट, चारी दिशांना जाणारी. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मग त्यांनी तिचं माहेरचं नाव म्हटलं.

माय जरा थांबली. "एक पोर," ती म्हणाली.

"कोणती पोर?"

"व्हती एक. आमना घर व्हती."

डॉक्टरांनी बटण फिरवून बंद केलं, जे आधीच बंद होतं. ते पट्ट्या फडक्यानं पुसत राहिले. आम्ही निघालो तरी पुसत होते. माय रस्त्यात माझ्याशी कैऱ्यांबद्दल बोलत होती आणि मला वाटत होतं की आपण हिच्याबरोबर कोणालातरी इथं आणलं होतं, आणि परत निघताना एकजण कमी आहे.

आम्ही जळगावला आलो आणि आखाजी आली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्याच दिवशी पितरांच्या घागरीही भरतात. गेलेल्याच्या नावानं नवी मातीची घागर, त्यात गार पाणी, वर आंबा आणि सांजोऱ्या. मग चुलीतले निखारे काढून, त्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, गेलेल्याचं नाव घेऊन. त्याला आगारी म्हणतात. मोठमायची ती पहिली आखाजी होती, त्यामुळे फुईही आली.

माय सकाळीच कुंभाराकडून आली. तिच्या हातात दोन घागरी होत्या.

"दोन कसाले?" आबांनी विचारलं.

"एक तुमनी मायनी," ती म्हणाली. दुसरी खाली ठेवून तिनं तिचं माहेरचं नाव घेतलं. "अन् एक तिनी."

आबांचा चेहरा उतरला. फुईनं तोंडाला पदर लावला. जिवंत माणसाची घागर भरणं म्हणजे त्याचं मरण मागणं. असं कोणी थट्टेतही बोलत नाही.

"जित्या मानूसनी घागर भरतस का कोठे?" आबा म्हणाले.

"जिले कोनी बलावत नही ती जिती कशी?" मायच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं होतं. "सासूनासंगे गयी ती पोर. तिले पानी नको का?"

मायनं दोन्ही घागरी भरल्या. दुसऱ्या घागरीवर लहानसा आंबा ठेवला, पोरीच्या मुठीत मावेल एवढा, आणि तो घसरला तर पुन्हा नीट बसवला. निखारे काढले गेले. आबा पाटावर बसले. पहिला घास त्यांनी आपल्या आईच्या नावानं टाकला. तूप चरचरलं, वास उठला.

दुसरा घास हातात घेऊन ते कितीतरी वेळ बसून राहिले. तूप बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आलं. आगारीला नाव घ्यावंच लागतं. नावाशिवाय घास कोणाला पोचत नाही. मग आबांनी ते नाव घेतलं. हळू, पूर्ण, अगदी नीट.

त्यांना ते येत होतं. इतकी वर्षं येत होतं. मला आयुष्यात कोणाचाही तेवढा राग आला नसेल जेवढा त्या क्षणी आबांचा आला. मी मायकडं पाहिलं. ती त्यांच्या मागंच, हाताच्या अंतरावर होती. तिला ऐकू गेलं नसणं शक्यच नव्हतं.

ती ताटांत पोळ्या वाढत होती. "झालं का?" तिनं आबांना विचारलं. "मंग हात धुई ल्या, पोळ्या थंड्या व्हतीस."